सातव्या दिवसाचा शॉट

हॅलो?

हॅलो… कोण?

…ओळखला. सात महिन्यांनी ऐकला तरी ओळखला. नंबर पुसून टाकला होता मी, आवाज नाही पुसता आला. बोल.

नाही, मोकळी नाहीये. कामात आहे. मागे गादीवाले बसलेत… गादीवाले गं. गाद्यांचा कारखाना आहे त्यांचा, त्यांच्या जाहिरातीच्या फिल्मचे रंग सुधारतेय. हो, गाद्यांची जाहिरात. समुद्र, डोंगर, सिनेमे, ते सगळं आता तुझ्याकडे. तूच तशी व्यवस्था केलीस ना.

बरं, नाही काढत. तू फोन केलायस, तूच सांग कशाला केलास ते.

काय निवडायचंय?

…प्लग-इन.

नाही, ऐकू आलं. प्लग-इन. सात महिने तोंड नाही दाखवलंस, मूल झालं ते मला मावशीकडून कळलं. मी त्याची सख्खी मावशी, आणि मला माझ्या मावशीकडून कळतं. आणि आज फोन करतेस तो कशासाठी, तर ताई, रंग सुधारायचं प्लग-इन कुठलं घेऊ.

रागावले कुठे? हसतेय मी. …तुम्ही बसा हो, दोन मिनिटं फक्त. बहीण आहे. हो, सख्खीच. इलाज नाही.

ऐकलं तर ऐकू दे. खोटं थोडीच बोलतेय?

हं. बोल लवकर. कसली फिल्म?

तान्ह्या बाळांचे कपडे. दुपटी, टोपरी… बरं. आणि मॉडेल कोण?

…आपलंच?

अगं, सात दिवसांचं पोर ते. नाळ सुकली नाही अजून आणि लावलंस त्याला कामाला? तू तरी कशाला बसलीयेस लॅपटॉप घेऊन? पडून राहा की.

बरं बाई, तुझं पोर, तुझी कंबर. मी कोण सांगणारी.

अडचण काय आहे ते सांग. …हो, ते समजलं. दुपटं पांढरंशुभ्र राहिलं पाहिजे, निळी किनार दुकानात दिसते तशीच दिसली पाहिजे, आणि बाळ मात्र गुलाबी हवं. म्हणजे सेकंडरी. सगळ्या चित्राचा रंग फिरवायचा नाही, नुसती त्वचा उचलायची आणि तेवढीच बदलायची. हे मला काय सांगतेस? शिकवलं कुणी तुला? या इथे, या खुर्चीत बसवून शिकवलं. आणि मग त्याच खुर्चीतल्या माणसाला तू…

नाही काढत म्हटलं ना. पुढे बोल.

तीन आहेत. हो… हो… अगं, तिन्ही माहितेत मला. पहिलं रंगावर धरतं. बाळाच्या गालावर टिचकी मारायची, त्या रंगाचं जिथे जिथे जे असेल ते उचलतं. दुसरं आकारावर धरतं. तू चेहऱ्याभोवती गोल काढायचा, बाळ हललं की गोल त्याच्या मागे जातो. तिसरं आपणहून चेहऱ्याची त्वचा ओळखतं, तुला काहीच करायला नको. ते आळशांसाठी. तू तेच घेणार.

आज संपतेय का ट्रायल? संध्याकाळपर्यंत. म्हणून आठवण झाली होय माझी.

मी वापरते पहिलं. मेहनत लागते, पण काय धरलंय आणि काय सोडलंय ते आपल्याला दिसतं. झालं? सांगितलं. ठेवू फोन?

नालायक आहे म्हणजे? प्लग-इन नालायक नसतं, समोर बसलेलं माणूस…

बरं, सांग. काय करतं ते?

दुसऱ्या दिवसाच्या शॉटला बरोबर धरतं. …चौथ्या दिवसाच्या शॉटला अर्धवट. आणि आजच्या शॉटला सोडूनच देतं. मग पुन्हा गालावर टिचकी मार. …मारलीस, तर गालाबरोबर त्या खेळण्यातलं पिवळं बदकही उचलतं. हं. मग दुसरं घे. …गोल काढलास, पण आत रंग सुधारायला गेलीस की कडेला हिरवट झाक राहते. मग तुझं लाडकं तिसरं? …काय म्हणतं? परत सांग.

'त्वचा सापडली नाही.' असं लिहून येतं?

…

थांब जरा. तिन्ही एकाच शॉटला अडतात?

नाही गं, तुला बोलत नाहीये. विचार करतेय.

…गादीवाले, त्या बटणाला हात लावू नका. नाही, ते टीव्हीचं नाही. नुसतं बसा.

हां, ऐक. पडद्याचा रंग पडला असेल. तुझ्या बेडरूमचे ते पिवळेधमक पडदे, मी तेव्हाच म्हटलं होतं नको म्हणून. …हॉलमध्ये काढलेत? सगळे शॉट? खिडकीपाशी? दिवा चालू होता का? …नव्हता. मग तुझ्या नवऱ्यानं कॅमेऱ्याला पांढरं काय ते नीट दाखवलं नसेल. जावईबापूंनी मान खाली केली की कॅमेराही खाली जातो, माहितेय मला.

बरं, त्याला नाही बोलत. दुपटं कसं दिसतंय आजच्या शॉटमध्ये? …तुझ्या डोळ्यांना नको विचारू, आकडे बघ. दुपट्यावर बाण ने. लाल किती, हिरवा किती, निळा किती? …सारखे? तिन्ही?

म्हणजे दुपटं पांढरंच आहे.

अगं, मग उजेड बरोबर आहे. उजेड पिवळा असता तर सगळ्यात आधी दुपटं पिवळं पडलं असतं. …हो ना. मग त्वचेचाच रंग का हलतो?

एक फ्रेम पाठव. आत्ता. अशीच, काही न करता. कॅमेऱ्यातून आली तशी. …मला बाळ बघायची हौस नाहीये, मला रंग बघायचाय. पाठव.

…नाही, ठेवू नकोस फोन. थांबते मी.

…

आली.

…

नाही, आहे मी. बघतेय.

नाक बाबांचं घेतलंय. …हो. ओठ तुझे. हट्टी दिसतो.

…

छोटे, ही फ्रेम खरंच कॅमेऱ्यातली आहे ना? तू काही केलेलं नाहीस? शपथ?

बरं. आता मी सांगते तसं कर. स्कोप उघड. तो गोल. रंगांचा. त्यावर तिरकी रेषा असते, लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी, त्वचेची. …मला माहितेय तुला माहितेय. तरी ऐक. माणूस गोरा असो, काळा असो, सावळा असो, त्याचा ठिपका त्याच रेषेच्या आसपास पडतो. कारण कातडीखालून वाहणारं रक्त सगळ्यांचं एकाच रंगाचं. वीस वर्षांत मला फार लांब गेलेला कुणी भेटलेला नाही. आता दुसऱ्या दिवसाचा शॉट घे. नुसता गाल. ठिपका कुठे आहे?

रेषेवर. चौथ्या दिवसाचा?

…पिवळ्याकडे. किती? …बोटभर. आणि आजचा?

…

ऐकतेय मी. बोल ना.

इतका?

त्याच शॉटमध्ये शेजारी आणखी एक पोरगी दिसतेय. कोण ती? …जावेची मुलगी. तेच दुपटं, तीच खिडकी, तोच उजेड. तिच्या गालाचा ठिपका बघ.

…रेषेवर.

छोटे, प्लग-इन चुकत नाहीयेत. तिन्ही खरं सांगतायत. ते बाळ पिवळं आहे.

अगं, कावीळ. कावीळ म्हणतेय मी.

…

काय म्हणालीस?

नाही, परत म्हण. मला नीट ऐकायचंय.

'ताई, तुला सगळंच पिवळं दिसतं.'

…

असंच तू त्या समुद्राच्या फिल्मच्या निर्मात्याला म्हणालीस, तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. हातात त्याच्याच फिल्मची डिस्क होती माझ्या. ताईचे डोळे गेलेत, तिला आता रंग दिसत नाहीत, काम माझ्याकडे द्या. हेच शब्द होते. नाही म्हणू नकोस, मला पाठ आहेत.

तुझ्या चांगल्यासाठी? मग मला सांगायचं होतंस. माझ्यासमोर बसून, ताई, समुद्र फार निळा झालाय, डॉक्टरला दाखव, एवढं सांगायचं होतंस. मी मारलं असतं का तुला?

…ओरडले असते. हो, ओरडले असते. पण दाखवलं असतं डॉक्टरला.

…

ऐक. मी हे एकदाच सांगणार आहे, आणि परत कधी विचारलंस तर नाही म्हणेन. तू म्हणालीस ते खरं होतं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. मला जग पिवळट दिसत होतं, म्हणून मी प्रत्येक फिल्ममध्ये निळं ओतत बसले होते. समुद्र बिघडवला होता मी. त्यानं काम काढून घेतलं ते बरोबर केलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पाच आठवडे झाले. डाव्याचं पुढच्या महिन्यात.

एकटीच गेले होते. रिक्षानं.

नको, त्यावर आत्ता रडू नकोस. नंतर रड, माझ्यासमोर रड, मला बघायचंय. आत्ता मी डावा डोळा हातानं झाकून उजव्यानं बघतेय. आणि उजव्यानं दुपटं पांढरं दिसतंय आणि बाळ पिवळं.

…अजून विश्वास नाही. बरं. माझा डोळा सोड.

गादीवाले, जरा इकडे या. हो, तुम्हीच. तुमचे दोन्ही डोळे ठीक आहेत ना? चष्मा पुसा. या बाळाचा रंग सांगा मला. …नाही हो, गोड आहे ते मलाही दिसतंय. रंग. …शेजारच्या मुलीपेक्षा? …ऐकलंस? जवळ धरते फोन. परत सांगा हो, मोठ्यानं.

ऐकलंस ना. या माणसाला तासभर मी क्रीम आणि पांढऱ्यातला फरक समजावतेय, त्याला कळलेला नाही. त्यालाही दिसलं.

…बसा तुम्ही. आभारी आहे.

काय? डॉक्टरांनी बघितलंय? कधी?

परवा. बरं… मग मगाशी का नाही सांगितलंस? म्हणजे मी उगाच घाबरवतेय तुला. कुणाला शंका आली होती? …सासूबाईंना. त्या म्हणाल्या पोर पिवळं वाटतंय. आणि मग डॉक्टर घरी आले?

…फोटो पाठवलास. फोनवर. आणि ते काय म्हणाले?

'छान दिसतोय, पुढच्या आठवड्यात ठरल्या तारखेला आणा.'

…

छोटे.

कुठला फोटो पाठवलास?

नाही, अंदाजे नको सांगू. फोन उघड आणि बघ. कुठला फोटो पाठवलास त्यांना?

…

सुधारलेला.

तोच, जो सगळ्या नातेवाइकांना पाठवलास. मावशीनं मला दाखवला तो. गुलाबी गाल. मी म्हटलंसुद्धा तिला, रंग छान लावलाय. मला वाटलं… मला काय वाटलं ते जाऊ दे.

अगं सवय आहे ती, मला माहितेय. आपण कच्चा फोटो कुणाला दाखवतच नाही. हात आपोआप जातो. मला समजतंय गं. पण डॉक्टरला?

…

बरं. बरं, ऐक ना. ऐक. आता हुंदके बंद कर आणि ऐक. बाळ कुठे आहे? तुझ्याजवळ? बेडरूममध्ये? आधी बाहेर ये त्या खोलीतून. त्या पडद्यांच्या आत इतके दिवस बसलीस तर तुला नवराही पिवळाच दिसेल आणि तोच बरोबर वाटेल. डोळा सवय करून घेतो. माझ्या डोळ्यानं वर्षभर करून घेतली. फोन स्पीकरवर टाक आणि बाळाला हॉलच्या खिडकीपाशी घे.

घेतलंस? कपडे काढ. हो, सगळे. आता त्याच्या कपाळावर बोट ठेव, हलकेच दाब आणि उचल. दाबलेली जागा कशी दिसते ते सांग. क्षणभरच दिसेल, नीट बघ.

…पिवळी. छातीवर कर तसंच.

…

पोटावर.

…

तळपाय.

…छोटे, तळपाय.

…तिथेही.

मला डॉक्टरकी येत नाही, मला रंग येतो. मागे परिचारिकांच्या शिकवणीच्या फिल्मचे रंग केले होते मी, तान्ह्या मुलांची कावीळ कशी ओळखायची त्याच्या. तेव्हा डोळे चांगले होते माझे. ते दाबून बघणं मी चाळीस वेळा पाहिलंय. डोक्याकडून खाली उतरते. पायापर्यंत आली की थांबायचं नाही, असं होतं त्यात. एवढंच मला ठाऊक आहे.

दूध पितोय का?

कमी म्हणजे किती कमी? …सकाळी शेवटचं? आता अडीच वाजलेत. …शहाणं बाळ आहे, रडत नाही, झोपून असतो. हे कोण म्हणालं? …तू म्हणतेस. बरं. उठव त्याला. तळव्याला टिचकी मार.

…जोरात मार. माझ्यावर राग आहे ना, तसा मार.

…

उठला?

छोटे?

छोटे, बोल ना गं.

…डोळे उघडले आणि मिटले. रडला का? …बारीकसा. बरं, रडला. रडला ना? मग ठीक आहे. तो आहे तिथे. ठीक नाही, पण आहे.

आता मी सांगते तेवढंच करायचं. पुढच्या आठवड्याची तारीख विसर. आत्ता निघायचं, बाळंत झालीस त्याच इस्पितळात. नवऱ्याला कामावरून बोलावत बसू नकोस, तो येईपर्यंत तू पोचलेली असशील. जावेला घे बरोबर. त्याला दुपट्यात गुंडाळ… कुठल्याही दुपट्यात गं, कुणी बघत नाहीये. आणि तिथे डॉक्टर भेटत नसतील तर बसून राहू नकोस, कावीळ म्हण, झोपून आहे म्हण, तळपायापर्यंत आहे म्हण. गप्प बसू नकोस. माझ्या पाठीमागे एवढी बोललीस, आता तोंडावर बोल.

निळ्या दिव्याखाली ठेवतात. …नाही, दुखत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून नुसतं ठेवतात. त्या फिल्ममधली बरी झाली होती. सगळी. …वेळेवर आणलेली सगळी.

हो, येतेय मी. घरी नाही, तिथेच येते.

…गादीवाले, आज राहू द्या तुमच्या गाद्या. उद्या या. …तुमच्याकडे गाडी आहे ना? खालीच उभी आहे? …चालेल. चालेल, उपकार होतील. घ्या किल्ली, मी आलेच.

छोटे, आहेस ना?

नाही. नाही, माफ केलेलं नाही. असं फोनवर एका दमात होत नसतं ते. तू जे केलंस ते केलंस, आणि मी तुला सोडणार नाहीये त्यावरून. पण तो माझा भाचा आहे, आणि मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते रंग तपासायला. ते मला… ते माझं मी बघेन.

निघालीस का? चप्पल घातलीस? पाय वाजले नाहीत अजून.

हां. ऐक, शेवटचं. तिथे गेल्या गेल्या पहिलं वाक्य काय बोलायचं ते सांगते. दुसरं काही नाही, हेच. 'परवा पाठवलेला फोटो खरा नव्हता. मी त्याचा रंग बदलला होता.'

…लाज वाटणारच. मला मगाशी वाटली नाही? तरी बोलले की नाही? त्यांना वाटेल परवा बरं होतं आणि दोन दिवसांत एवढं झालं. त्यांना खरं कळलं पाहिजे. नवऱ्यासमोर, सासूबाईंसमोर, कुणीही समोर असू दे.

माझ्यासमोर म्हण एकदा. म्हणजे तिथे अडखळणार नाहीस.

…

ऐकू नाही आलं. मोठ्यानं.

…

अजून एकदा.

…

हं. आला आवाज. ठेव आता फोन.

ठेव गं. दोन्ही हातांनी धर त्याला.